पैठण-तेर वाटेवरची चांदी

अंबाजोगाईत बँकेच्या कॅश काउंटरवर माझी सव्वीस वर्षं गेली. खोटी नोट डोळ्यांआधी बोटांना कळायची. प्राचीन रोमन चांदीच्या नाण्यांचा नाद पन्नाशीनंतर लागला आणि बोटांना पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं. सहा वर्षांत अकरा नाणी जमली आहेत. नव्याने या वाटेला लागणाऱ्यांना माझ्या अनुभवातलं हे थोडं सांगावंसं वाटतं.

१. आधी आपला नकाशा उघडावा.
रोम आपल्यापासून फार लांब, असं मला वाटायचं. मग 'पेरिप्लस' वाचलं. पहिल्या शतकातल्या एका व्यापारी माणसाने ग्रीक भाषेत लिहिलेलं हे समुद्रव्यापाराचं टिपण आहे. भरूचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असं त्यात लिहिलं आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड जात, तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. नकाशावर पैठणपासून तेरपर्यंत पट्टी ठेवली तर ती बीड शहराला चाटून जाते. रोमन सोन्याचांदीचे दिनार भरूचला बदलून घेण्यात नफा आहे, हेही त्याच टिपणात आहे. संस्कृतातला 'दीनार' हा शब्द त्या रोमन 'देनारियस'चाच.

मग एवढी चांदी गेली कुठे? रोमन चांदीचे मोठे साठे सापडले ते कोइमतूरकडे आणि आंध्र-तेलंगणात. महाराष्ट्रात फार थोडे. इकडे आलेली चांदी वितळवून पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजांनी आपली नाणी पाडली असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. तो वाचल्यापासून क्षत्रपांचं लहानसं नाणं तळहातावर घेतलं की या चांदीवर आधी कुणाचा चेहरा असेल, हे मनात येतंच.

२. पहिलं नाणं रोमन घेऊ नये.
मी घेतलं होतं. पुण्यातल्या एका प्रदर्शनात रोमन सम्राट टायबेरियसचा दिनार मिळाला. छाप अगदी ठसठशीत. घरी भिंगातून पाहिलं तर कडेने बारीक शिवण फिरलेली आणि चेहऱ्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. सोनाराने कसाला लावून सांगितलं, चांदी खरी आहे. चांदी खरी होती, नाणं खोटं होतं. अस्सल नाणं दोन ठशांच्या मध्ये चकती ठेवून, वरून घाव घालून पाडलेलं असतं. त्यामुळे कडेला तडे जातात, छाप एका बाजूला सरकतो. साच्यात ओतलेल्या नाण्याला शिवण आणि बुडबुडे राहतात. आता अर्धा छाप बाहेर गेलेलं, चिरलेलं नाणं दिसलं की ते मला जास्त विश्वासाचं वाटतं.

३. नाव विचारण्याआधी वजन करावं.
ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा ही या छंदातली पहिली खरेदी. नीरोने इ.स. ६४ मध्ये दिनार हलका केला. त्याआधीचा दिनार साधारण ३.९ ग्रॅमचा, नंतरचा ३.४ च्या आसपास. झिजेने थोडं कमी होईल, पण पूर्ण ग्रॅमभर नाही. माझं ते पहिलं नाणं टायबेरियसचं, म्हणजे नीरोच्या आधीचं; ते २.९ भरलं. काटा आधी घेतला असता तर तिथेच कळलं असतं.

४. घासू नये.
चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही नको. देवघरातली चांदी वेगळी. काळपटपणा म्हणजे नाण्याचं वय. तो जुना थर एकदा गेला की परत येत नाही.

५. ओळख काट्याकडून सुरू करावी.
छापा-काटा आपण लहानपणापासून खेळतो. नवखा माणूस छाप्याकडे, म्हणजे चेहऱ्याकडे बघत बसतो, आणि सगळे सम्राट त्याला सारखेच दिसतात. मागची बाजू लवकर बोलते. ढाली आणि भाले घेऊन उभे दोघे जण असतील तर ते ऑगस्टसचे नातू गायस आणि लुसियस. राजदंड आणि फांदी धरून बसलेली स्त्री असेल तर बहुधा टायबेरियस. भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीत हेच दोन प्रकार सर्वांत जास्त आहेत. त्यांच्या नकलाही इथे त्याच काळी होत होत्या, म्हणून अक्षरं वेडीवाकडी असली तरी नाणं लगेच आजचं बनावट ठरवू नये. लेखात शब्द संक्षेपाने आणि सलग लिहिलेले असतात; 'यू'च्या जागी 'व्ही' असतो. कागदावर एकेक अक्षर उतरवून घ्यावं, अंदाजाने वाक्य पुरं करू नये.

६. पश्चिम क्षत्रपांची नाणी हीच आपली शाळा.
दोन-सव्वादोन ग्रॅमची, नखाएवढी चांदी. पुढे राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरांची बिघडलेली नक्कल. ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नसणार. मागे तीन कमानींचा डोंगर, चंद्र, सूर्य, खाली नागमोडी रेघ, आणि कडेने ब्राह्मीत बापाचं नाव, मग मुलाचं. माझ्या एका नाण्यावर रुद्रसीहाचा पुत्र महाक्षत्रप दामसेन आहे. डोक्यामागे तीन चिन्हं: शंभर, पन्नास, तीन. ब्राह्मीत शंभराला आणि पन्नासाला स्वतंत्र खूण असते, त्यांची बेरीज करायची. १५३. त्यात ७८ मिळवले की इ.स. २३१. हा तोच शक, जो आजही आपल्या पंचांगात छापतात. सातवाहनांशी लढलेल्या क्षत्रपांच्या नाण्यांवर चाललेली ही कालगणना आपण शालिवाहनाच्या नावाने मोजतो! ते आकडे पहिल्यांदा लागले त्या रात्री मी स्वयंपाक अर्धा ठेवून उठले होते.

क्षत्रप आणि सातवाहनांचं हे भांडणही नाण्यांवरच वाचता येतं. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

७. भोक पडलेलं नाणं टाकून देऊ नये.
माझ्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. पुतळी मूळची व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याची, त्यावरच्या उभ्या आकृतीमुळे नाव पडलं. परदेशी नाणं गळ्यात घालायची आपली रीत त्याहून जुनी आहे. रोमन नाण्यांनाही इथे भोकं पाडलेली, कड्या लावलेल्या सापडतात. बाजारात भोकाने किंमत उतरते. मला मात्र तिथे कुणाची तरी मान दिसते.

८. 'कुठून' हा रकाना रिकामा ठेवू नये.
माझ्या वहीत वजन, व्यास, छापा, काटा आणि 'कुठून' असे रकाने आहेत. अकरापैकी नऊ नाण्यांपुढे शेवटच्या रकान्यात फक्त विकणाऱ्याची पावती आहे, गाव नाही. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय आहे. त्यांनी त्याच गावातल्या वस्तू जमवल्या, म्हणून तिथली मातीची मूर्तीही तेरबद्दल काही सांगू शकते. माझी नऊ नाणी तसं सांगू शकत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी केज तालुक्यातले एक शेतकरी काउंटरवर आले. माळवदावर टाकायला पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती आणली होती, तीत एक नाणं निघालं. चांदीचं नव्हतं. पुढे हत्ती, मागे एकमेकांना जोडलेली चार वर्तुळं, सातवाहनांचं. "ताई, तुम्ही नाणी जमवता म्हणं. ठेवा तुमच्यापाशी," म्हणाले. घ्यावंसं फार वाटलं. पण जमिनीत सापडलेल्या अशा वस्तूची खबर सरकारला द्यावी लागते, १८७८ पासून तसा कायदा आहे. जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, हा १९७२ चा. मी त्यांना चहा दिला, नाण्याचं वजन घेतलं, दोन्ही बाजू कागदावर काढून घेतल्या, आणि पांढरीत कोणत्या बाजूला, किती हात खाली, ते विचारून लिहिलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांच्याबरोबर तहसीलला गेले.

ते नाणं माझ्या डबीत नाही. वहीत मात्र त्याचं पान सगळ्यांत भरलेलं आहे.