कानातले बोळे आणि कॅरमचा फाऊल

पूल हा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी चित्रवाणीवरच पाहिला असेल. हिरव्या कापडाचे टेबल, रंगीत चेंडू आणि हातात लांब क्यू. त्या खेळात अलीकडे एक वाद अधूनमधून निघतो. स्पर्धेत खेळताना कानांत बोळे किंवा कानांवर हेडफोन घालावेत का? प्रतिस्पर्ध्याचा तो अपमान होतो का? पंचांचे बोलणे ऐकू आले नाही तर दोष कोणाचा?

आमच्या नाटे गावात पूलचे टेबल नाही. परंतु कॅरम घरोघरी आहे. आणि हाच वाद एका जुलै महिन्यात आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. नाटे हे राजापूर तालुक्यातले, खाडीच्या मुखाजवळचे गाव. यशवंतगडाचा जांभ्या दगडाचा तट, पलीकडे जैतापूर, खाली होड्या आणि ट्रॉलर. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. ट्रॉलरवर काम करणारी पोरे तेव्हा घरी असतात आणि कॅरमच्या स्पर्धा रंगतात. सामने चालू होते पत्र्याच्या शेडमध्ये. कोकणातला पाऊस पत्र्यावर कोसळू लागला म्हणजे शेजारच्या माणसाशी बोलणेही कठीण होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको.

उपांत्य सामन्यात एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा खेळत होता. त्याच्या दोन्ही कानांत स्पंजाचे छोटे नारिंगी बोळे होते. एका फटक्यावर पंचांनी "फाऊल" पुकारला. त्याने मान वर न करता पुढचा फटका मारला आणि सोंगट्या विखुरल्या. प्रतिस्पर्धी उभाच राहिला. "ह्याच्या कानात यंत्र आहे, बाहेरून कोणीतरी सांगतंय," असा त्याचा आरोप. मुलगा म्हणाला, "सर, मला फाऊल ऐकूच नाय आला." मी भौतिकी शिकवतो हे ठाऊक असल्याने संयोजकांनी सामना थांबवून मलाच विचारले, "बोळे घातले की पंचांचा आवाज खरोखर ऐकू येत नाही का?"

प्रश्न साधा वाटतो. उत्तर तितके साधे नाही.

प्रथम डेसिबलचा हिशेब पाहू. डेसिबलच्या मापात १० ने घट झाली की ध्वनीची तीव्रता एकदशांश होते, २० ने घट झाली की एकशतांश, ३० ने घट झाली की एकसहस्रांश. स्पंजाचा बोळा नीट पिळून, कानात सरकवून, फुगेपर्यंत धरून ठेवला तर आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने कमी होतो. नीट बसवला नाही तर ह्याच्या निम्मीही घट होत नाही. साध्या कापसाचा उपयोग तर फारच थोडा. त्याच्या धाग्यांमधल्या हवेतून ध्वनी सहज आत जातो.

आता समजा, पत्र्यावरच्या पावसाचा आवाज ७० डेसिबल आहे आणि जवळच बसलेल्या पंचांचा चढवलेला आवाज ७५ डेसिबल आहे. २५ डेसिबल कमी करणारा बोळा घातला. पाऊस ४५ झाला, पंच ५० झाले. दोघांतला फरक पूर्वी ५ होता, आताही ५ च आहे! आणि ५० डेसिबल म्हणजे कुजबुजीपेक्षा पुष्कळच मोठा आवाज. तेव्हा निरोगी कानाच्या माणसाला गोंगाटात बोळे घालूनही जवळच्या माणसाचे मोठ्याने बोललेले शब्द जवळजवळ पूर्वीइतकेच कळायला हवेत. पुष्कळांना हे पटत नाही. मीही वर्गात हे सांगतो तेव्हा निम्मी मुले मान हलवतात.

म्हणजे तो मुलगा खोटे बोलत होता का? गणित तसेच सांगत होते. पण गणितात आपण एक गोष्ट न विचारता धरून चालतो, ती म्हणजे कान निरोगी आहे.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर शाळेच्या एका खोलीत आम्ही प्रयोग केला. तो खेळाडू आणि त्याच्याच वयाचे आणखी तीन मुलगे, प्रत्येकाला नवी जोडी. (दुसऱ्याच्या कानातला बोळा आपल्या कानात कधीही घालू नये.) पंचांनी तोंडासमोर कागद धरला, कारण माणूस ओठ पाहूनही पुष्कळ 'ऐकतो'. एक मीटरवरून नेहमीच्या आवाजात त्यांनी दहा शब्द उच्चारले. बोळ्यांशिवाय तिघांनी दहाही शब्द बरोबर लिहिले. बोळे घालून एकाचा एक शब्द चुकला, बाकी दोघांचा एकही नाही. आमच्या खेळाडूचे मात्र बोळे घालून पाच चुकले आणि, खरी गोष्ट पुढेच आहे, बोळे काढल्यावरही दोन चुकले. 'सात' च्या जागी त्याने 'आठ' लिहिले होते.

ही चूक मला फार बोलकी वाटली. 'सात' मधला 'आ' हा स्वर जोरकस असतो आणि त्याची बरीचशी ऊर्जा हजार हर्ट्झच्या आसपास व त्याखाली असते. 'स' हा नुसता हवेचा फूत्कार आहे. तो दुबळा असतो, आणि त्याची ऊर्जा चार हजार हर्ट्झ व त्यावर पसरलेली असते. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या, हे तुम्हांला ठाऊक आहेच. 'सात' मधून वरच्या कंप्रता पुसून टाकल्या तर उरतो 'आत', आणि मन त्याचा अर्थ लावते 'आठ'. 'फाऊल' मधला 'फ' असाच दुबळा फूत्कार आहे. शिवाय स्पंजाचा बोळा उच्च कंप्रता अधिक अडवतो. आधीच उणे असलेल्या कानाला बोळ्याने आणखी उणे केले होते. मुलगा खरे बोलत होता.

माझ्याकडे वडिलांचे किल्लीचे एचएमटी घड्याळ आहे. त्याची टिकटिक तिघांना हातभर अंतरावरून ऐकू आली. ह्याला उजव्या कानाशी वीतभर अंतरावर, आणि डाव्या कानाशी जवळजवळ टेकवल्यावर. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे. पण डॉक्टरांकडे पाठवायला तेवढे पुरेसे होते.

रत्नागिरीला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याचा श्रवणालेख काढला. निरनिराळ्या कंप्रतांचे किती क्षीण स्वर ऐकू येतात, त्याचा तो आलेख. हजार हर्ट्झपर्यंत रेषा ठीक होती. चार हजारांपाशी दोन्ही कानांत खड्डा, डाव्या कानात अधिक खोल. गोंगाटाने इजा झालेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. मुलगा दोन हंगाम ट्रॉलरवर जात होता आणि त्याची जागा इंजिनापाशी होती.

खड्डा नेमका तिथेच का पडतो? कर्णनलिका सुमारे २.५ सेंटीमीटर लांब असून तिचे एक टोक कानाच्या पडद्याने बंद आहे. एका टोकास बंद असलेल्या नळीचा अनुनाद तुम्ही शिकला आहात: तरंगलांबी नळीच्या चौपट, म्हणजे १० सेंटीमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर कंप्रता ३४०० हर्ट्झ येते. गोंगाटातला ह्या सुमाराचा भाग कान स्वतःच वाढवून आत पाठवतो, आणि इजा त्याच्या थोड्या वरच्या कंप्रतेला आधी दिसते. आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्यांच्यामुळे कंपनाचे संदेशात रूपांतर होते. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. चष्म्याने नजर सुधारते तसे इथे होत नाही.

किती आवाज किती वेळ चालेल, ह्याचा एक प्रचलित आडाखा आहे. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटे. मापकयंत्र जवळ नसेल तर एक खूण लक्षात ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज ८५ च्या वर गेला असे समजावे. इंजिनापाशी ओरडूनही भागत नाही, हातवारे करावे लागतात, असे मुलानेच सांगितले. कानांत बोळे त्याने घातले होते ते मात्र कॅरमच्या बोर्डावर!

आता मूळ वादाकडे वळू. बोळे आणि हेडफोन ह्यांत मोठा फरक आहे. बोळा फक्त अडवतो. हेडफोन आवाज आत आणूही शकतो, आणि प्रतिस्पर्ध्याचा संशय तिथेच असतो. नेमबाजीत हा भेद नियमातच केलेला आहे. बंदुकीचा बार कानाला घातक असल्याने नेमबाज कान झाकतात; परंतु आवाज किंवा संदेश ग्रहण करणारी यंत्रे खेळाडूला चालत नाहीत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे ह्यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते ज्या खेळात, तो हाच. कॅरममध्ये कान वाचवण्याचे कारण नसते. कारण असते एकाग्रतेचे.

एकाग्रतेला तरी उपयोग होतो का? उदाहरणे दोन्ही बाजूंची आहेत. अमेरिकेचे शेन व्हॅन बोएनिंग ह्यांना जन्मापासून कमी ऐकू येते. खेळताना ते श्रवणयंत्र बंद ठेवतात, आणि २०२२ साली ते नऊ चेंडूंच्या पूलमध्ये जगज्जेते झाले. उलट वेल्सचे गर्विन प्राइस ह्यांनी लंडनमध्ये १ जानेवारी २०२३ रोजी डार्ट्सच्या जागतिक स्पर्धेत, प्रेक्षकांच्या आरडाओरड्याला कंटाळून, सामन्याच्या मध्यावर कानांवर मोठी झाकणे चढवली. तो सामना ते ५-१ असा हरले. माझ्या मते सवय नसताना कान बंद करणे धोक्याचेच. कान बंद केले की बाहेरचा आवाज कमी होतो, पण स्वतःचा श्वास, गिळणे, आवाज मोठे होतात. बोटांनी कान बंद करून गुणगुणून पाहा. हाडांतून आलेली कंपने एरवी कर्णनलिकेतून बाहेर निसटतात. बोळ्यामुळे ती आतच कोंडली जातात.

हाडांतून ध्वनी जातो ह्याचा एक गमतीचा प्रयोग कॅरमवर करता येतो. कानांत बोटे घाला आणि मित्राला बोर्डावर सोंगटीने अगदी हळू टकटक करायला सांगा. बहुधा काही ऐकू येणार नाही. आता बोटे तशीच ठेवून दोन्ही कोपरे बोर्डाच्या चौकटीवर टेका. टकटक स्पष्ट ऐकू येईल!

आणि खेळाचा आवाज हा नुसता गोंगाट नसतो. जाणता खेळाडू स्ट्रायकर सोंगटीला भरीव लागला की निसटता, हे कानांनी ओळखतो. पूलमध्ये क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूला चुकून दोनदा लागले तर तो फाऊल असतो; दोन्ही आघात इतके लागोपाठ होतात की डोळ्यांना ते दिसत नाहीत. निरोगी कानाला मात्र दोन-तीन मिलिसेकंदांचे अंतरही जाणवू शकते. म्हणून चांगला पंच तिथे डोळ्यांबरोबर कानही लावतो. बोळा घातलेला खेळाडू "दोनदा लागलाच नाही" असे कोणत्या तोंडाने सांगणार?

गोंगाट शमवणारे हेडफोन घातले तर? त्यांतला छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, आणि यंत्र त्याच्या नेमक्या उलट कलेचा तरंग कानाशी सोडते. ही कल्पना पाउल ल्यूग ह्या जर्मन संशोधकाची. तिचे अमेरिकन पेटंट १९३६ चे आहे. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ मीटर, तिथे उलट तरंग जुळवायला सवड असते. ४००० हर्ट्झची फक्त ८.५ सेंटीमीटर, अर्धे कंपन सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात संपते. म्हणून ही युक्ती इंजिनाच्या घरघरीवर चांगली चालते, सोंगट्यांच्या टकटकीवर नाही.

संयोजकांना मी एवढेच सुचवले. बोळे घालायचे असतील तर सामन्यापूर्वी पंचांना व प्रतिस्पर्ध्याला हातात देऊन दाखवावेत. हेडफोन नकोत, बंद असले तरी नकोत. कारण ते बंद आहेत हे समोरच्याला कसे कळणार? आणि पंचांनी फाऊल पुकारताना हातही वर करावा. हा शेवटचा नियम सगळ्यांसाठी ठेवला, एकट्या त्या मुलासाठी नव्हे. पावसात तो सर्वांनाच सोयीचा झाला.

उपांत्य सामना पुन्हा खेळवला. मुलगा बोळ्यांशिवाय बसला. त्याने दोन बोर्ड मारले, पण पुढे राणी घेऊन ती झाकता आली नाही आणि तिथून सामना फिरला, तो हरला. १ ऑगस्टला तो ट्रॉलरवर गेला तेव्हा बोळे बरोबर होते. तांडेलाची पहिली हरकत अगदी आमच्या पंचांसारखीच होती: "मी हाक मारली तर ह्याला कळणार कसं?" शेवटी खांद्यावर थाप मारायची, असे त्यांचे ठरले.