अकरा सीड्या आणि एक न जुळणारा क्रमांक

२०१०च्या पावसाळ्याच्या शेवटी शेवटी म्हैसूरच्या गोकुलम भागात, कॉन्टूर रोडच्या मागच्या एका गल्लीत एक माणूस रोज रात्री सीड्या राइट करत बसलेला असे. पहाटे चटया काखेत मारलेले परदेशी विद्यार्थी अष्टांग योगाच्या शाळेकडे निघाले की त्याला कळे, आजचीही रात्र वाया गेली. (ही शाळा २००२ साली पट्टाभी जोइस यांनी गोकुलमला आणली, आणि तेव्हापासून या गल्ल्यांना पहाटे चारची वर्दळ काही नवी नव्हती.) तो माणूस म्हणजे प्रस्तुत लेखक. त्याच्या टेबलाशेजारी वाया गेलेल्या सीड्यांची चळत होती. ती अकरापर्यंत गेली.

काम तसं साधं होतं. घरात मराठी बोलणारी पण शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकणारी ओळखीतली काही मुलं रविवारी जमत. त्यांच्यासाठी चार जुने संगणक मिळाले होते. त्यांवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकायची, तीही मराठी मेनू, मराठी टंक आणि इन्स्क्रिप्ट कळफलक आधीच बसवलेली, असं लेखकाच्या मनाने घेतलं. इंटरनेट इतकं मंद की चारही यंत्रांवर वेगवेगळं काही उतरवणं परवडणारं नव्हतं. एकच सीडी बनवावी, चार ठिकाणी घालावी. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियन या लिनक्सवरून ‘बॉस’ केलं, केरळच्या शाळांनी आपली स्वतःची लिनक्स केली, तर आपण एक सीडी का करू नये?

उबुंटूची १०.०४ ही आवृत्ती त्या एप्रिलमध्ये आली होती. तिची प्रतिमा, म्हणजे सीडीवर उलगडून लिहायची फाइल, जवळजवळ सातशे एमबीची, आणि ऐंशी मिनिटांच्या सीडीत त्याहून फारसं जास्त मावत नाही. म्हणजे मराठी आत घालायची तर आधी काहीतरी बाहेर काढायला हवं. खेळ गेले, नमुन्याच्या फाइली गेल्या, नको त्या भाषांचे संच गेले. मोकळ्या झालेल्या जागेत लोहित टंक बसला. ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ हे शब्द लिहून पाहिले, त्यातला ऱ नीट उमटला, तेव्हा लेखकाला आपण गड जिंकला असं वाटलं. मराठीचा टंक तपासायचा तर हेच शब्द लिहून पाहावेत. जुन्या कित्येक टंकांनी इथेच मान टाकली आहे.

मग ऑगस्टमध्ये १०.०४.१ ही दुरुस्त आवृत्ती आली आणि हौसेने घात केला. नवं ते चांगलं, म्हणून लेखकाने नव्या प्रतिमेतून कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि त्याच्या जोडीची इनिटआरडी ही सुरुवातीची छोटी फाइल उचलली आणि आपल्या जुन्या सीडीच्या साच्यात ठेवून दिली. बाकी सगळं तसंच.

सीडी सुरू व्हायची. कळ दाबली की मेनू यायचा. थोडा वेळ ड्राइव्ह घरघरायचा आणि पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटायची. जिवंत फाइलप्रणाली असलेलं माध्यमच सापडत नाही, अशा अर्थाची.

ही ओळ वाचली की कोणीही सीडीवर संशय घेईल. लेखकानेही घेतला. वेग कमी करून राइट केली, सीडीची कंपनी बदलली, ड्राइव्हची भिंग-सफाई केली. सय्याजीराव रस्त्याकडच्या एका दुकानदाराने सीडी उजेडात धरून फिरवली आणि निकाल दिला, ‘‘सार, सीडी सरि इल्ला.’’ म्हणजे सीडी बरोबर नाही. घरातून वेगळाच प्रश्न आला, ‘‘अहो, मुलांचं शिकणं कधी सुरू होणार?’’

त्या वेळच्या उबुंटूच्या मेनूतच सीडी तपासण्याची सोय असे. ती लावली तर तिनेही दोष दाखवले, आणि लेखकाची खात्रीच पटली. तिथेच तो पुरता फसला. ही तपासणी सीडीवरच्या एका यादीशी ताडून होते. प्रत्येक फाइलचा बत्तीस अक्षरांचा एमडी५ ठसा त्या यादीत लिहिलेला असतो. लेखकाने फाइली बदलल्या होत्या, यादी मात्र उबुंटू काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीची मूळचीच होती. बदललेल्या फाइलचा ठसा जुळणार कसा? अकरांतल्या निम्म्या तरी सीड्या धडधाकट होत्या, आणि त्यांच्या बशीखालच्या चकत्या झाल्या.

उलगडा झाला तो खणातल्या एका पाकिटामुळे. त्या काळी उबुंटूवाले मागणी केली की मूळ सीडी टपालाने फुकट पाठवत. ती सोय २०११ पर्यंत चालली. तशी एक १०.०४ची सीडी पाकिटासकट पडून होती. ती त्याच यंत्रात घातली आणि चार मिनिटांत डेस्कटॉप समोर. म्हणजे ड्राइव्ह ठीक, रॅम ठीक, बूटचा क्रम ठीक. दोन आठवडे ज्यांच्यावर खटला चालवला ते सगळे एका झटक्यात सुटले. आरोपी एकच उरला, टेबलाशी बसलेला.

हा प्रयोग पहिल्या रात्री करायला हवा होता. आपण बनवलेली सीडी चालत नसेल तर आधी न बदललेली मूळ सीडी त्याच यंत्रात चालते का, ते पाहावं. तीही अडकली तर यंत्राकडे वळावं: बॅटरी संपल्याने बायोस बूटचा क्रम विसरलं आहे का, ड्राइव्ह थकला आहे का. रॅमवर संशय असेल तर त्याच सीडीच्या मेनूत मेमटेस्ट असतो, तो रात्रभर लावून ठेवावा. मूळ सीडी चालली तर मात्र ड्राइव्ह पुसत बसण्यात अर्थ नाही.

पुढची पायरी म्हणजे यंत्र नेमकं कुठे थांबतं ते पाहणं. मेनूसुद्धा न येता थेट हार्ड डिस्क सुरू झाली, तर ती सीडी बूट होणारीच नसते. पुष्कळदा प्रतिमेची फाइल उलगडून न लिहिता जशीच्या तशी सीडीवर ओढलेली असते. सीडी उघडली की आत एकच भलीमोठी फाइल दिसते. घरी साचा पुन्हा बांधताना बूटचे पर्याय द्यायचे राहून गेले तरी हेच होतं. मेनू येऊन पडदा काळा पडला तर दोष बहुधा ग्राफिक कार्डाचा असतो, आणि एफ६ दाबून ‘नोमोडसेट’ निवडलं की वाट मोकळी होते. १०.०४मध्ये हा मेनू आपणहून दिसत नाही. सुरुवातीला पडद्याच्या तळाशी कळफलकाचं चिमुकलं चित्र येतं, त्या क्षणी कोणतीही कळ दाबावी लागते. त्याच ठिकाणी ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडले की यंत्र पुटपुटत काय करतं ते सगळं वाचता येतं. त्या ओळींत ‘एसआर०’चं नाव आणि वाचनदोष पुन्हा पुन्हा दिसला, तर मात्र सीडीला किंवा ड्राइव्हला खुशाल दोष द्यावा, एसआर० म्हणजे सीडी ड्राइव्ह.

लेखकाच्या पडद्यावर एसआर०ची एकही तक्रार नव्हती. सीडी वाचली जात होती, पण ओळखली जात नव्हती.

कारण असं. इनिटआरडीच्या पोटात एक लांबलचक ओळखक्रमांक असतो आणि त्याचीच प्रत सीडीवरच्या ‘डिस्क’ नावाच्या, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरात असते. सुरू होताना यंत्र समोर येणारं प्रत्येक माध्यम उघडून हे दोन क्रमांक जुळवतं. भलत्याच सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून सुरुवात होऊ नये म्हणून ही खबरदारी. लेखकाची इनिटआरडी होती १०.०४.१ची आणि फोल्डर १०.०४चं. यंत्र सीडी उघडून पाहत होतं, क्रमांक जुळत नाही म्हणून बाजूला ठेवत होतं आणि शेवटी प्रामाणिकपणे सांगत होतं की माध्यम सापडलं नाही. बूटच्या ओळीत ‘इग्नोर-यूयूआयडी’ हा शब्द (मधे जोडरेघ नव्हे, अंडरस्कोर) टाकल्यावर बारावी सीडी राइट न करता अकरावीच सुरू झाली.

आनंद दहा मिनिटं टिकला. डेस्कटॉप आला, मराठी आली, नेटवर्क कार्ड मात्र गायब. कर्नल नवा होता आणि त्याचे ड्रायव्हर दाबलेल्या स्क्वॉशएफएस फाइलच्या आत जुन्या कर्नलच्या नावाने ठेवलेले. नव्याला ते दिसणार कुठून? शेवटी १०.०४चा मूळ कर्नल आणि त्याचीच इनिटआरडी परत जागेवर ठेवली, ठशांची यादी नव्याने काढली, आणि राइट करण्याआधी प्रतिमा व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवून पाहिली. ही शेवटची गोष्ट आधी केली असती तर एकही सीडी वाया गेली नसती. ती का केली नाही याचं लेखकाकडे आजही धड उत्तर नाही.

आता गोकुलममध्ये सीडी ड्राइव्ह असलेला संगणक शोधावा लागेल, आणि सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. क्युबिकसारख्या साधनांमुळे कर्नल आणि इनिटआरडी हाताने हलवण्याची वेळ सहसा येत नाही. नवी अडचण बायोसची जागा घेतलेल्या यूइएफआयची. पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने लिहिला असेल तर नवा लॅपटॉप त्याच्याकडे पाहतही नाही, आणि आपण स्वतः बांधलेल्या कर्नलवर मान्य सही नसेल तर सिक्युअर बूट त्याला दारातच अडवतं. तेव्हाही पहिल्यांदा कंपनीची न बदललेली प्रतिमा दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन त्याच लॅपटॉपला लावून पाहावी. प्रस्तुत लेखक ती आता एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवतो आणि त्यावर मार्करने आवृत्ती आणि तारीख लिहितो. टपालाने आलेली ती जुनी सीडी अजून खणातच आहे, पाकिटासकट.