मुळांवरील गाठी व प्रतिकारक्षम वाण

पेण व रोहे तालुक्यांत भाताची कापणी झाली की खाचरांतील ओलीवर वाल पेरला जातो. जेथे विहिरीचे किंवा डोलवहाळच्या कालव्याचे पाणी मिळते, तेथे टोमॅटो, वांगी व काकडी यांचीही लागवड होते. अशा मळ्यात पाणी व खत पुरेसे असूनही काही झाडे खुरटतात, पिवळी पडतात व दुपारी माना टाकतात. असे झाड अलगद खणून त्याची मुळे धुऊन पाहावीत. मुळेच फुगून गाठाळली असतील, तर तो सूत्रकृमींचा उपद्रव समजावा. वालाच्या मुळांवर हवेतील नत्र धरणाऱ्या उपयुक्त गाठीही असतात. परंतु त्या चोळताच सुटतात. सूत्रकृमींची गाठ हा मुळाचाच भाग असल्याने ती सुटत नाही.

हा कृमी मुळाच्या टोकाजवळून आत शिरून एका जागी स्थिर होतो व भोवतालच्या पेशी फुगवून त्यांतील अन्नरस शोषतो. एकेक मादी शेकडो अंडी घालते आणि उष्ण हवेत सुमारे महिन्याभरात नवी पिढी तयार होते.

प्रतिकारक्षम झाडातही कृमी शिरतो. मात्र त्याच्या तोंडाजवळील पेशी तत्काळ मरतात व तो उपाशी राहतो. टोमॅटोसाठी हा गुण पेरू देशाकडील एका रानटी जातीतून घेण्यात आला. तिचा लागवडीच्या टोमॅटोशी केलेला संकर सहजासहजी साधत नसे. 1944 साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ स्मिथ यांनी कोवळा गर्भ काढून पोषक द्रव्यावर वाढविला व संकरित रोप मिळविले. हा गुण एकाच प्रभावी जनुकाने येतो. त्यामुळे संततीची रोपे कृमियुक्त मातीत वाढवून गाठी न आलेली तेवढी निवडता येतात व चांगल्या फळांच्या जातीशी त्यांचा पुनःपुन्हा संकर करता येतो. भारतात हिस्सार येथील कृषी विद्यापीठाने ‘हिस्सार ललित’ हा प्रतिकारक्षम वाण दिला आहे.

तथापि या गुणास मर्यादा आहेत. जमिनीचे तापमान 28 अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास टोमॅटोतील हा प्रतिकार ढिला पडतो. म्हणून कोकणात उन्हाळी लागवडीत त्यावर विसंबू नये. भात निघताच लवकर लागण करावी. एकच वाण त्याच वाफ्यात वर्षानुवर्षे लावल्यास त्याला न जुमानणारे कृमी वाढतात. याकरिता पिकांचा फेरपालट करावा, मधून झेंडू लावावा, उन्हाळ्यात नांगरट करून जमीन तापू द्यावी व निरोगी रोपेच आणावीत. भातावरही याच कुळातील दुसरी जात गाठी करते, हे ध्यानात ठेवून भाताची मुळेही तपासावीत.

बियाणे घेताना ‘रोगप्रतिकारक’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. वाण मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींस प्रतिकारक आहे काय, हे ग्रामकार्यकर्त्यांनी स्पष्ट विचारून घ्यावे व मगच शेतकऱ्यांना सल्ला द्यावा.