गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : पेशीच्या दारावरचे दोन राखणदार



"अंगावरून पांढरं जातंय ना? मग पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांनी हे ऐकलेले आहे. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. भीतीपोटी पिशवी जाते, पण काही मिनिटांची साधी तपासणी होत नाही. म्हणून हा कॅन्सर नेमका कसा होतो, ते आज समजून घेऊ.

आपले शरीर सुमारे ३० लाख कोटी पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी झिजतात आणि एका पेशीच्या दोन होऊन नव्या तयार होतात. जखम भरते ती यामुळेच. या कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी पेशी वाढते, मग आतल्या डीएनएची नक्कल करते, नक्कल बरोबर झाली का ते तपासते आणि मगच तिचे दोन भाग होतात.

हा क्रम सांभाळतात ती काही प्रोटीन. डाळीत, अंड्यात असतात ती आपण खातो. ही मात्र पेशी स्वतः तयार करते. साखर कारखान्याचे गेट आठवा. नंबर लागल्याशिवाय उसाची गाडी आत जात नाही. पेशीत हा नंबर लावण्याचे काम 'सायक्लिन' नावाचे प्रोटीन करते. टिम हंट या शास्त्रज्ञाला ते १९८२ साली समुद्रातल्या एका प्राण्याच्या अंड्यात सापडले. दर फेरीला ते तयार होते आणि काम झाले की मोडले जाते.

गेटवर दोन राखणदारही असतात. पहिला 'आरबी'. नंबर लागेपर्यंत तो गेट बंद ठेवतो. दुसरा 'पी-५३'. डीएनए बिघडलेला दिसला की तो काम थांबवतो. दुरुस्ती झाली तर ठीक, नाहीतर ती पेशी मरेल अशी व्यवस्था करतो. हे दोघे जागे आहेत तोवर बिघडलेली पेशी सहसा वाढू शकत नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाचा जवळजवळ प्रत्येक कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू पेशीत शिरून दोन प्रोटीन बनवतो, 'ई-६' आणि 'ई-७'. ई-६ हे पी-५३ ला संपवते. ई-७ हे आरबीला धरून बसते. दोन्ही राखणदार गेले की गेट सताड उघडे राहते आणि बिघडलेल्या पेशी वाढत सुटतात.

म्हणजे हा रोग कुणाच्या पापाने, करणीने किंवा मागच्या जन्मामुळे होत नाही. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी तो होतोच. नवऱ्याकडून बायकोलाही येतो. म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये. बहुतेकींचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हटवते. काहींच्या अंगात तो टिकतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. कारण दूर केले की परिणाम टळतो, असे तथागतांनी शिकवले. कारण दूर करायला इथे आपल्याला एवढी वर्षे मिळतात.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचे टाटा हॉस्पिटल यांनी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटातल्या सुमारे ३४ हजार जणींची एचपीव्ही तपासणी फक्त एकदा करायची ठरले. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न ठेवलेल्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४ झाले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांकडून याहून साधी तपासणी करून घेतली. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असते, तसले सौम्य ॲसिड गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचे आणि एक मिनिट थांबून पांढरा डाग उठतो का ते पाहायचे. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

आपण काय करायचे?

१. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने, काही त्रास नसला तरी, दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी. ती कुठे आणि कोणत्या दिवशी होते, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

२. डाग उठला म्हणजे कॅन्सर झाला असे नाही. सुरुवातीला तेवढीच जागा गोठवून किंवा शेकून उपचार होतात. बहुतेक वेळा पिशवी काढावी लागत नाही.

३. नुसते पांढरे जाणे अनेकदा साध्या जंतुसंसर्गाने असते आणि औषधाने बरे होते. पिशवी काढा असे कुणी सांगितले तर आधी ही तपासणी मागा आणि सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या.

४. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

५. ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही लस २०२३ साली आली. लस घेतली तरी पुढे तपासणी करावीच लागते.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हे पान मोठ्याने वाचा. पुरुषांनीही ऐकावे. मग चार-पाच जणींनी मिळून एक दिवस ठरवा आणि सोबतच तपासणीला जा. एकटीला लाज वाटते, सगळ्या मिळून गेल्या की वाटत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!