गाडी मुलाने ठोकली, भरपाई कोणी द्यायची?

प्रश्न : गेल्या रविवारी आमच्या मुलाने नळस्टॉपच्या सिग्नलला पुढच्या गाडीला मागून ठोकलं. वेग फार नव्हता, कोणाला लागलं नाही. त्यांचा मागचा बंपर फुटला, आमच्या बॉनेटला पोचा आला. ते गृहस्थ चिडले, तेव्हा मुलाने घाबरून ‘चूक माझी आहे, सगळा खर्च देईन’ असं कागदावर लिहून सही केली. आता ते पंधरा हजार मागत आहेत. आमचा फुल इन्शुरन्स आहे. विमा कंपनीला कळवावं का? गाडी माझ्या नावावर आहे, म्हणून शेजारी सुचवतात की ‘मीच चालवत होतो’ असं सांगा. मुलाकडे पक्कं लायसन्स आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : शेजाऱ्यांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. विमा गाडीचा असतो. तुमच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेली कोणीही व्यक्ती ती चालवत असली तरी पॉलिसी लागू राहते. चिरंजिवांकडे लायसन्स आहे, म्हणजे लपवण्यासारखं काहीच नाही. पण चालकाचं नाव बदलून सांगितलंत आणि चौकातल्या कॅमेऱ्यात किंवा समोरच्याच्या मोबाइलमधल्या फोटोत मुलगा दिसला, तर क्लेम नाकारायला कंपनीला रास्त कारण मिळेल. सरळ मिळणारा क्लेम खोटेपणाने घालवू नका.

आता त्या कागदाविषयी. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत एक अट असते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने किंवा त्याच्या वतीने कोणीही चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही. मुलाने घाबरून नेमक्या याच दोन गोष्टी केल्या. त्याला रागावू नका. भर चौकात, मागे हॉर्न वाजत असताना वीस-बावीस वर्षांच्या मुलाला हे कुठून सुचणार? त्या कागदाने तुमच्या गाडीचा क्लेम आपोआप बुडत नाही. पण उद्या समोरच्यांनी तुमच्यावर भरपाईचा दावा केला, तर कंपनीला आक्षेप घ्यायला जागा मिळते. म्हणून आजच कंपनीला ई-मेल करा. तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे क्रमांक, चालक कोण होता आणि मुलाने काय लिहून दिलं, हे सगळं जसं घडलं तसं कळवा. क्लेम करायचा की नाही हे ठरलं नसेल तर ‘सध्या केवळ माहितीसाठी कळवत आहे’ असंही लिहा.

चूक आपली असेल तर आपल्या गाडीचा क्लेम मिळत नाही, असं बऱ्याच लोकांना वाटतं. तसं नाही. पॉलिसीतला ‘ओन डॅमेज’ हा भाग तुमच्या चुकीने झालेलं तुमचं नुकसानही भरून देतो. पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवणं ही मागच्या चालकाची जबाबदारी असते, त्यामुळे इथे दोष बहुतेक तुमच्याकडेच येईल. तरी तुमच्या बॉनेटचा क्लेम तुम्हाला करता येतो.

आणि समोरच्यांच्या बंपरचं काय? कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा इतरांच्या मालमत्तेचं नुकसानही भरतो. खासगी मोटारीसाठी पॉलिसीत ही मर्यादा साधारणपणे 7.5 लाख रुपये असते. पण तुमच्या कंपनीकडून ते पैसे वसूल करायचे तर वाद मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापर्यंत जाऊ शकतो. एका बंपरसाठी वकील कोण करणार? म्हणून व्यवहारात ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या विम्यातून दुरुस्त होते.

त्यांनी चिडून पंधरा हजार मागितले, याचं मूळ इथेच आहे, आणि माझ्या मते त्यांची बाजू नीट समजून घ्यायला हवी. समजा त्यांचा नवा बंपर 6,000 रुपयांचा आणि रंगकाम 5,000 रुपयांचं, म्हणजे एकूण बिल 11,000. त्यांच्याकडे झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा जातो, म्हणजे 3,000 रुपये कमी. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावरही निम्मा घसारा लावतात, ते 625. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे सक्तीची 1,000 रुपयांची कपात असते. हातात येतात 6,375 रुपये. म्हणजे 4,625 त्यांच्या खिशातून गेले.

खरा फटका पुढे बसतो. त्यांचा नो क्लेम बोनस आज 35 टक्के असेल, तर पुढच्या नूतनीकरणाला तो 45 आणि त्यानंतर 50 झाला असता. क्लेम घेतला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढाव्या लागतात. बोनस वजा करण्याआधीचा त्यांचा ओन डॅमेज प्रीमियम वर्षाला 8,000 रुपये धरला, तर पाच वर्षांत मिळून 9,600 रुपयांची सवलत जाते. गाडी जुनी होईल तसा प्रीमियम उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल. जीएसटी धरला तर थोडा वाढेल. म्हणजे 6,375 मिळवायला ते साडेनऊ हजारांच्या आसपास गमावणार, तेही सिग्नलला शांत उभे असताना! खिशातले आणि बोनसचे मिळून त्यांचं नुकसान चौदा हजारांच्या पुढे जातं. पंधरा हजारांचा आकडा त्यांनी हवेतून काढला असेलच असं नाही.

तुम्ही मात्र त्यांचं दुरुस्तीचं बिल थेट भरलंत तर त्यांचा बोनस शाबूत राहतो आणि त्यांना काहीच सोसावं लागत नाही. तेव्हा ‘गॅरेजचं एस्टिमेट आणा, बिल मी भरतो’ असं त्यांना सांगा. ही रक्कम देणं तुमचं कर्तव्य आहे असं मला मनापासून वाटतं. मात्र कंपनीला आधी कळवून मगच द्या. रोख देऊ नका, थेट गॅरेजच्या खात्यात भरा. त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या : अमुक तारखेला या दोन गाड्यांची धडक झाली, कोणालाही दुखापत झाली नाही, दुरुस्तीची पूर्ण रक्कम मिळाली, आता कोणतीही मागणी उरलेली नाही. मुलाने दिलेला मूळ कागदही त्याच वेळी परत घ्या.

तुमच्या बॉनेटसाठीही असाच हिशेब मांडा. पत्रा ठोकून, रंगवून चार-पाच हजारांत काम होत असेल तर क्लेमच्या वाटेला जाऊ नका. हेडलाइट किंवा रेडिएटरपर्यंत मार पोचला असेल, किंवा पॉलिसीत बोनस राखणारं कलम वेगळं घेतलेलं असेल, तर क्लेम जरूर घ्या. पण सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी उघडू देऊ नका.

हे सगळं कोणाला लागलेलं नाही म्हणून. त्या गाडीतल्या कोणी उद्या मान दुखत असल्याचं सांगितलं, तर आपसातली तडजोड लगेच थांबवा, त्यांना डॉक्टरकडे न्या आणि कंपनीला व पोलिसांना कळवा. माणसाच्या दुखापतीची भरपाई दोन गाडीमालकांनी आपसात मिटवायची नसते. त्यासाठीच थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि दुखापतीच्या अपघातानंतर पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकावर बंधनकारक आहे.