वाढ दाखविणारा कॅमेरा

बी पेरले म्हणजे रोप उगवते, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. तथापि, अंकुर जमीन फोडून वर येताना प्रत्यक्ष कोणी पाहिला आहे काय? रोपाजवळ तासभर बसले तरी ते जागचे हलल्यासारखे वाटत नाही. आणि चार दिवसांनी पाहावे, तो त्याला नवी पाने फुटलेली असतात. वाढ अखंड चालू असते, परंतु ती इतकी सावकाश होते की, आपल्या डोळ्यांना ती कळत नाही.

ही न दिसणारी वाढ पडद्यावर दाखविण्याचे काम १९१२ साली एका मराठी कलावंताने केले. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब फाळके म्हणून आपण त्यांना ओळखतो. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. चलच्चित्रांचा ध्यास घेतल्यावर त्यांनी रात्रंदिवस प्रयोग केले. त्या श्रमांनी काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. पुन्हा दिसू लागल्यावर त्यांनी आयुर्विमा गहाण ठेवून पैसा उभा केला, आणि १९१२ च्या प्रारंभी ते लंडनला गेले. तेथे चित्रपट तयार करण्याची कला समजून घेऊन व कॅमेऱ्याची खरेदी करून ते मुंबईस परतले.

चित्रपट काढण्यास पुष्कळ भांडवल लागते. ते देणाऱ्यांची खात्री कशी पटवावी? फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर स्थिर ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. ही चित्रे पडद्यावर भराभर दाखविताच इतक्या दिवसांची वाढ सुमारे एका मिनिटात डोळ्यांपुढे उभी राहिली. 'अंकुराची वाढ' या नावाने ही छोटी चित्रफीत ओळखली जाते. ती पाहून भांडवल मिळाले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आला. त्याच वर्षी फाळके यांनी आपले कार्य नाशिकला हलविले.

ज्या साधनासाठी फाळके यांना सातासमुद्रापार जावे लागले, ते आज अनेक शिक्षकांच्या खिशातील फोनमध्ये असते. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा या तालुक्यांत डोंगरातील पाड्यांवर लहान लहान शाळा आहेत. अशा शाळांतून प्रयोगशाळा सहसा नसते. वीज अधूनमधून जाते, आणि कित्येक ठिकाणी फोनला नेटवर्कही मिळत नाही. परंतु छायाचित्र काढण्यास नेटवर्क लागत नाही.

काचेच्या पेल्याला आतून ओला कागद लावावा, आणि काच व कागद यांच्यामध्ये वालाचे बी ठेवावे. कागद सदैव ओलसर राहू द्यावा. शेजारी मोजपट्टी उभी करावी. फोन ठेवण्याची जागा विटा रचून कायम करावी. प्रार्थनेच्या वेळी, मधल्या सुट्टीत व शाळा सुटताना असे रोज तीनदा छायाचित्र घ्यावे. शाळेच्या ३० दिवसांत ९० छायाचित्रे जमतील. ती सेकंदाला ५ या वेगाने पाहिली, तर १८ सेकंदांत रोपाची सारी वाढ दिसेल.

या १८ सेकंदांत पुष्कळ काही शिकता येते. बी उलटे ठेवले तर मूळ वर जाईल काय? नाही, ते वळून खालीच जाते. मूळ फुटल्यावर पेला आडवा केला, तरी ते पुन्हा खाली वळते. ज्या मुलाच्या घरची बोली निराळी आहे, त्याला 'अंकुरण' हा पुस्तकातील शब्द अडतो; पण मूळ वळताना त्याने पाहिले की, त्या शब्दाचा अर्थ त्याला समजतो, आणि मग तो शब्द त्याचा होतो. रोपाची उंची नोंदविताना गणित येते, आणि पाहिलेले लिहून काढताना भाषा येते.

आयती चित्रफीत पाहणे सोपे असते; पण ती पाहणारा मुलगा केवळ प्रेक्षक राहतो. महिनाभर न चुकता छायाचित्र घेणारी मुले मात्र शंका विचारतात, चुकतात, पुन्हा बी लावतात. यंत्र चित्र घेते. काय पाहायचे, हे माणसालाच ठरवावे लागते. जवळ साधने थोडी असली तरी जिज्ञासा आणि चिकाटी यांच्या बळावर पुष्कळ शिकता येते, हे फाळके यांच्या वाटाण्याने दाखवून दिले आहे.

स्वाध्याय

१. रोपाची वाढ डोळ्यांना का दिसत नाही?
२. फाळके यांनी वाटाण्याचीच चित्रफीत का काढली असावी?
३. रोज ४ छायाचित्रे घेतली, तर २५ दिवसांत किती होतील? सेकंदाला ५ या वेगाने ती पाहण्यास किती वेळ लागेल?
४. 'आयते पाहणे' व 'स्वतः करून पाहणे' यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.