माशांवर दूध आणि कोड
गेल्या रविवारी सांगलीला लेकीने पास्ता केला. पास्ता म्हणजे आपल्या शेवयांचा विलायती भाऊबंद. त्यात चिकन, कोळंबी आणि वर दुधाची साय! साताऱ्याहून आलेल्या थोरल्या वहिनींनी ताटच सारले. "अहो भावजी, माशांवर दूध? अंगावर कोड येईल!"

हा समज घरोघरी आहे. आयुर्वेदाने मासे व दूध हा विरुद्ध आहार मानला आहे, हे खरे. परंतु त्याने कोड होतो, असा पुरावा नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती त्वचेतील रंगपेशी नष्ट करते, म्हणून पांढरे डाग पडतात. कोड संसर्गजन्यही नाही. तेव्हा रुग्णाला किंवा त्याच्या आईला खाण्यापिण्यावरून बोल लावू नयेत.

जपायचे ते शिळ्या कोळंबीपासून. घाट चढून येणारी कोळंबी बर्फातली, उग्र वास नसलेली घ्यावी. चिकन आधी पूर्ण शिजवावे. कोळंबी २-३ मिनिटे, आतून पांढरी होईपर्यंत परतावी. साय शेवटी, मंद आचेवर घालावी. उरलेले २ तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. कोळंबी खाल्ल्यावर ओठ सुजले, धाप लागली, तर ती ॲलर्जी समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.

एवढे ऐकल्यावर वहिनींनी ताट पुन्हा पुढे ओढले.